घरचे धान्य किती पिकवावे? कोरडवाहू कुटुंबासाठी खाण्याचा आणि विक्रीचा हिशेब

जानेवारीत तुरीची मळणी होते आणि पोती त्याच आठवड्यात आडतीवर जातात. खताच्या दुकानाची उधारी थांबलेली असते, बचत गटाचा हप्ता असतो, मुलांची फी असते. आषाढ लागला, की त्याच घरात तूरडाळ किराणा दुकानातून किलो-किलोने येऊ लागते. जानेवारीत विकलेल्या तुरीचा दर आणि आषाढात घेतलेल्या डाळीचा दर यातला फरक मात्र कोणी वहीत लिहीत नाही.

सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर या पट्ट्यातील अनेक कोरडवाहू घरांत आज असे चित्र आहे. एके काळी संपूर्ण शेती घरच्या खाण्यासाठी होती, आता ती जवळपास संपूर्ण विक्रीसाठी झाली आहे. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या घराला परवडणारी जागा कोणती, हे हिशेबाने कसे ठरवावे, ते या लेखात पाहू. खरिपाचे नियोजन करण्यापूर्वी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात हा हिशेब केल्यास त्याचा उपयोग होतो.

पूर्वीचे घर कसे चालत होते

दोन पिढ्यांपूर्वी शेतात काय पेरायचे हे घरातील माणसे आणि दावणीची जनावरे यांवर ठरत असे. ज्वारी हे मुख्य पीक. तिच्यामुळे माणसाला भाकरी आणि बैलाला कडबा मिळे. तुरीच्या ओळी, मूग, मटकी, हुलगा, अंबाडी, कडेने करडई, थोडे जवस अशी मिश्र पेरणी असे. धान्य पेवात, बळदात किंवा कणगीत साठवले जाई. सुतार, लोहार, कुंभार यांचे बलुतेही धान्यातच दिले जाई. रोख पैसा लागे तो मीठ, कापड, लग्नकार्य आणि शेतसाऱ्यासाठी.

त्या व्यवस्थेत सगळे चांगलेच होते असे नाही. पाऊस गेला की पेव रिकामे आणि हातात पैसाही नाही, अशी दुहेरी अडचण होई. १९७२ च्या दुष्काळात हे महाराष्ट्राने अनुभवले. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खावी लागली आणि लाखो माणसे खडी फोडायला व रस्त्याच्या कामावर गेली. त्या अनुभवातूनच रोजगार हमीला कायद्याचे बळ मिळाले. केवळ घरापुरते पिकवणे म्हणजे सुरक्षितता, असा अर्थ काढणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

त्यानंतर चार मोठे बदल झाले. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले आणि खरीप ज्वारीचे उत्पादन वाढले. पण काढणीच्या वेळी पावसात दाणे काळे पडत, त्यामुळे दर पडे. पुढे १९९० नंतर सोयाबीनने खरीप ज्वारीची जागा घेतली. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, त्यामुळे कडब्याची घरची गरज घटली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. आणि जमिनीच्या वाटण्या झाल्या. कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील सरासरी धारण क्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले.

राहणीमान बदलले, खर्चही बदलला

केंद्र सरकारच्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणातील ग्रामीण भारताचे आकडे हा बदल स्पष्ट दाखवतात.

• १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ५९ टक्के खर्च खाण्यापिण्यावर होता. २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६ टक्के झाला.
• केवळ तृणधान्यावरचा खर्च याच काळात सुमारे २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या खाली आला.

म्हणजे घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग आता दवाखाना, शिक्षण, प्रवास, मोबाईल, कपडे, घरातील वस्तू यांवर जातो. हा खर्च धान्याच्या पोत्याने भागत नाही, त्याला रोख पैसाच लागतो. पक्के घर, गॅस, मुलीचे कॉलेज, आजारपणात वेळेवर उपचार ही राहणीमान सुधारल्याची लक्षणे आहेत आणि नगदी पिकाकडे वळण्यामागचे खरे कारणही तेच आहे. त्यात शेतकऱ्याचे काही चुकले नाही.

चूक होते ती पुढे. रोख पैसा हवा म्हणून संपूर्ण क्षेत्र एकाच पिकाखाली जाते. मग सोयाबीनचा दर पडला की घरातील प्रत्येक गोष्ट एकदम अडचणीत येते. फी आणि हप्ता थांबवता येत नाही, म्हणून कात्री ताटाला लागते. वरण पातळ होते, दूध डेअरीला जाते, मुलांच्या वाट्याचे कडधान्य कमी होते. पोट भरते, पण पोषण घटते.

एका पिकाच्या दोन किमती

घरी खाल्लेले धान्य अनेक जण हिशेबात धरतच नाहीत. जे धरतात, ते बाजार समितीच्या दराने धरतात. दोन्ही पद्धतींत घरच्या धान्याची किंमत कमी दिसते.

प्रत्येक पिकाला दोन किमती असतात. विकतो तेव्हा आडतीचा दर मिळतो, त्यातूनही हमाली, तोलाई आणि गाडीभाडे जाते. विकत घेतो तेव्हा किराणा दुकानाचा दर द्यावा लागतो. घरच्या गरजेइतके धान्य पिकवले, तर दुकानात जाणारे पैसे वाचतात. म्हणून त्या धान्याची किंमत दुकानाच्या दराने धरावी. गरजेपेक्षा जास्त पिकलेले धान्य विकावेच लागते, म्हणून त्याची किंमत आडतीच्या दराने धरावी.

एक उदाहरण पाहू. खालील दर केवळ हिशेब समजावा म्हणून गृहीत धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे चालू दर घालावेत.

• ज्वारी ३ क्विंटल: विक्री ३० रुपये किलोने ९,००० रुपये, खरेदी ४५ रुपये किलोने १३,५०० रुपये.
• तूर दीड क्विंटल (यातून सुमारे १ क्विंटल डाळ): विक्री ७० रुपये किलोने १०,५०० रुपये, तेवढी डाळ १३० रुपये किलोने १३,००० रुपये.
• मूग ४५ किलो: विक्री ७० रुपये किलोने ३,१५० रुपये, खरेदी ११० रुपये किलोने ४,९५० रुपये.

सगळे विकले तर २२,६५० रुपये येतात. तेच परत विकत घ्यायला ३१,४५० रुपये लागतात. फरक ८,८०० रुपये. त्यातून डाळ भरडणे, वाळवणे आणि साठवण यांचे १,८०० रुपये वजा केले, तरी ७,००० रुपये उरतात. उधारीवर किराणा घेत असाल तर फरक आणखी वाढतो. कोरडवाहू सोयाबीनच्या एका एकरातून मध्यम वर्षात खर्च वजा जाता हातात काय राहते, ते वहीत पाहावे आणि या रकमेशी ताडून बघावे.

घराची वर्षाची गरज कशी काढावी

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांनुसार, साधारण २,००० किलोकॅलरीच्या दिवसाच्या आहारात २५० ग्रॅम तृणधान्य आणि ८५ ग्रॅम कडधान्य असावे. शेतात राबणाऱ्या माणसाला तृणधान्य जास्त लागते, म्हणून आपण ३५० ग्रॅम धरू. पाच माणसांच्या घराची वर्षाची गरज अशी निघते.

तृणधान्य: सुमारे साडेसहा क्विंटल. अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे वर्षाला ३ क्विंटल होतात. उरलेली गरज साडेतीन क्विंटलची. ज्यांचे नाव यादीत नाही, त्यांनी पूर्ण साडेसहा क्विंटल धरावे.

कडधान्य: सुमारे दीड क्विंटल डाळ व कडधान्य. नियमित रेशनवर याची सोय नसते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. भाकरीबरोबर वरण किंवा उसळ खाण्यामागे हे शास्त्र आहे. म्हणून घरासाठी काय पिकवायचे याचा विचार करताना पहिला मान कडधान्याला द्यावा.

तेल: माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम धरल्यास वर्षाला ५० किलोच्या आसपास. करडईतून घाण्यावर साधारण चौथा हिस्सा तेल निघते असे धरले, तर पूर्ण गरजेसाठी २ क्विंटल करडई लागेल.

चारा: एका देशी गाईला रोज ६ किलो सुका चारा धरल्यास वर्षाला सुमारे २२ क्विंटल. कडबा विकत घेताना वाहतूकच महाग पडते, हे लक्षात ठेवावे.

उदाहरण: सव्वातीन एकर कोरडवाहू शेती

राज्याच्या सरासरीइतके, म्हणजे सव्वातीन एकर (१३० गुंठे) मध्यम जमिनीचे क्षेत्र आणि पाच माणसांचे घर घेऊ.

• ८० गुंठे: सोयाबीन + तूर, चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. सोयाबीनची पूर्ण विक्री. तुरीपैकी दीड क्विंटल घरी, बाकी विक्री.
• ४० गुंठे: खरिपात मूग, त्यानंतर रब्बीत ज्वारीच्या सहा ओळी आणि करडईच्या तीन ओळी अशी पट्टा पेरणी.
• ५ गुंठे: सांडपाण्यावर परसबाग. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, पालेभाज्या, वेलवर्गीय भाज्या.
• ५ गुंठे: विहिरीचे थोडे पाणी असल्यास बहुवार्षिक चारा गवत.

साधारण पावसात या ४० गुंठ्यांतून मूग दीड-दोन क्विंटल, ज्वारी तीन-साडेतीन क्विंटल, कडबा दहा क्विंटलच्या आसपास आणि करडई एक क्विंटल अशी अपेक्षा ठेवता येते. म्हणजे भाकरीची ज्वारी घरची झाली, मुगाची गरज भागली, तेल निम्मे घरचे आले. कडबा गाईला निम्मे वर्ष पुरतो, उरलेली भर तुरीचे भुसकट, सोयाबीनचा भुसा आणि हिरवे गवत यांनी घालावी लागते. सोयाबीन व तुरीचे ८० गुंठे रोख पैशासाठी मोकळे राहतात.

या मांडणीचा दुसरा फायदा म्हणजे पैसा एकदम न येता टप्प्याटप्प्याने येतो. मुगाचा पैसा पोळा-गणपतीच्या सुमारास, सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास, उरलेल्या तुरीचा संक्रांतीनंतर. वाणीसामानाची आणि फीची गरज वर्षभर असते, म्हणून हे टप्पे महत्त्वाचे. हमीभाव माहीत असणेही गरजेचे आहे. २०२५-२६ हंगामासाठी क्विंटलला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये, तुरीचा ८,००० रुपये आणि मालदांडी ज्वारीचा ३,७४९ रुपये जाहीर झाला. हमीभाव केंद्रावर विकायचे असल्यास नोंदणी वेळेत करावी.

लागवडीतील महत्त्वाचे मुद्दे

घरासाठीचे पीक म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. कडेची हलकी जमीन, उरलेले बियाणे आणि खताविना पेरणी केली, की उत्पादन निम्म्यावर येते आणि मग ज्वारी परवडत नाही असे वाटू लागते.

१. मुगाची पेरणी पहिल्या चांगल्या पावसावर, जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपवावी. ६५ ते ७० दिवसांत पीक निघाले, तरच रब्बी ज्वारीला वेळेवर शेत मिळते.

२. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी. जमिनीप्रमाणे वाण निवडावे: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा किंवा परभणी मोती. भाकरीच्या चवीसाठी मालदांडी (एम ३५-१) आजही अनेक घरांत पसंत केली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

३. सलग ज्वारीसाठी एकरी ४ किलो बियाणे पुरते. काणी रोगासाठी ३०० मेश गंधक ४ ग्रॅम प्रति किलो बियाण्यास चोळावे. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे.

४. मध्यम जमिनीत कोरडवाहू ज्वारीसाठी एकरी ३५ किलो युरिया आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीबरोबरच दोन चाड्यांच्या पाभरीने द्यावे. माती परीक्षण असल्यास त्यानुसार बदल करावा.

५. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने केल्यास भेगा बुजतात आणि ओल टिकते.

६. कमी पावसाच्या भागात तुरीचे बीडीएन-७११ हे १५० ते १६० दिवसांत येणारे वाण सोयीचे ठरते. पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम चोळावे.

७. सोयाबीनचे घरचे बियाणे वापरता येते. मात्र पेरणीपूर्वी उगवण तपासावी. १०० पैकी ७० दाणे उगवले, तरच नेहमीच्या प्रमाणात पेरावे.

साठवण नीट नसेल तर हिशेब फसतो

धान्य घरी ठेवले आणि पावसाळ्यात त्याला कीड लागली, की पुढच्या वर्षी घरचे लोक सरळ विक्रीचा मार्ग धरतात. म्हणून साठवणीकडे पिकाइतकेच लक्ष द्यावे.

धान्य कडक उन्हात चांगले वाळवावे. दाताखाली कट्‌कन फुटले म्हणजे वाळले असे समजावे. गरम धान्य लगेच भरू नये, सावलीत थंड होऊ द्यावे. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी किंवा तीन थरांची हवाबंद पिशवी वापरावी. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नयेत, खाली लाकडी फळ्या घालाव्यात.

कडधान्यावर भुंगेरे अख्ख्या दाण्यावर अंडी घालतात. म्हणून खाण्याची तूर उन्हाळ्यातच भरडून डाळ करून ठेवावी. डाळ करताना निघालेली चुनी आणि टरफल गाईच्या खुराकात वापरावे.

महत्त्वाचा इशारा: धान्यात टाकण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. हवेतील ओलाव्यानेही त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू बाहेर पडतो. त्यावर नेमका उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांच्याही जिवाला त्यामुळे धोका होतो.

कष्ट कोणाचे, याचाही विचार करा

ज्वारी कमी होण्यामागे केवळ दर हे कारण नाही. काढणीला माणसे मिळत नाहीत. ती मुख्यतः हाताने होते. कणसे खुडणे, वाळवणे, पाखडणे, निवडणे ही कामे बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला येतात. चुलीवर दहा-पंधरा भाकऱ्या थापणे हेही कष्टाचेच काम आहे. घरच्या धान्याचा फायदा सर्वांना आणि श्रम एकीला, अशी वाटणी असेल तर ती व्यवस्था टिकणार नाही, आणि टिकूही नये.

म्हणून घरासाठी किती पिकवायचे हे ठरवताना घरातील महिलेचे मत आधी घ्यावे. कोठीत काय संपते, कोणत्या महिन्यात संपते, मुले काय खातात हे तिलाच नेमके माहीत असते. मळणी यंत्राने करावी. डाळ भरडण्यासाठी गावात किंवा बचत गटाकडे छोटी डाळ गिरणी असेल तर तिचा वापर करावा. निवडण्या-पाखडण्यात घरातील पुरुषांनीही हात लावावा.

कोणी घरचे धान्य कमी ठेवावे?

हा सल्ला सर्वांना सारखा लागू नाही. बागायती सोय असून भाजीपाला किंवा फळबागेतून खात्रीचा पैसा येत असेल, तर तृणधान्य विकत घेणे परवडते. तरी कडधान्य आणि परसबाग ठेवावी. घरातील बहुतेक माणसे नोकरीनिमित्त शहरात असतील, तर गरजच कमी असते. ऊसतोडीसाठी वर्षातील सहा महिने घर बंद राहत असेल, तर रब्बी ज्वारीची राखण आणि काढणी कोण करणार हा प्रश्न आधी सोडवावा. रानडुकरांचा त्रास असलेल्या शिवारात एकट्यानेच ज्वारी पेरली, तर सगळे नुकसान तिथेच होते. अशा ठिकाणी शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून सलग पट्टा पेरावा.

आणि गरजेपेक्षा जास्त क्षेत्र घरच्या धान्यासाठी ठेवू नये. चौथ्या क्विंटलनंतरची ज्वारी खाण्यात जाणार नसेल, तर तिला आडतीचाच दर मिळणार आहे. ते क्षेत्र ज्या पिकातून जास्त पैसा मिळतो त्याला द्यावे.

कृषी सहायक व कार्यकर्त्यांसाठी

गावातील बैठकीत पीक प्रात्यक्षिकाआधी अर्धा तास या हिशेबाला द्यावा. पुरुष आणि महिला दोघांनाही बोलवावे. प्रत्येक कुटुंबाकडून पाच गोष्टी लिहून घ्याव्यात:

१. घरात नियमित जेवणारी माणसे किती, जनावरे किती?
२. रेशनवर महिन्याला किती धान्य मिळते?
३. मागील वर्षी डाळ, ज्वारी, तेल आणि चारा यांवर किती पैसे गेले?
४. त्यातील काय आपल्याच शेतात पिकले होते आणि कोणत्या दराने विकले?
५. वर्षातील कोणत्या महिन्यात किराणा उधारीवर येतो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना बहुतेकांना विक्री आणि खरेदीतला फरक स्वतःच दिसतो. मग वेगळे पटवून द्यावे लागत नाही. पाचव्या प्रश्नाच्या उत्तरावरून कोणते पीक कोणत्या महिन्यात हाती यायला हवे, हे ठरवता येते.

थोडक्यात

• आधी घराची गरज मोजा, त्यातून रेशनचे धान्य वजा करा, मग क्षेत्र ठरवा.
• खाण्याच्या धान्याची किंमत दुकानाच्या दराने धरा, विक्रीच्या धान्याची आडतीच्या दराने.
• पहिले प्राधान्य कडधान्याला, मग भाकरीच्या ज्वारीला, मग तेलाला.
• गरज भागली की उरलेले क्षेत्र निःशंकपणे नगदी पिकाला द्या. मुलांचे शिक्षण आणि दवाखाना त्यातूनच होणार आहे.
• यंदा तूर निघाली की पहिली दोन पोती बाजूला ठेवा, आणि मगच गाडी आडतीकडे न्या.